वाचकांचे प्रश्न : गावाच्या उन्हाळी सूचनापत्रात काय लिहावे?

उन्हाळा लागला की लहान गावांतून येणाऱ्या पत्रांत पाणी, ऊन आणि आग हे विषय पुन्हापुन्हा येतात. त्यांपैकी चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावात दर उन्हाळ्यात घरोघरी सूचनापत्र वाटले जाते. ‘पाणी जपून वापरा, उन्हात फिरू नका, आगीपासून सावध राहा’ एवढाच मजकूर त्यात असतो आणि तो कोणी वाचत नाही. यंदा ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. शिवाय पाणी तळाला गेल्यामुळे सार्वजनिक विहिरीतील गाळ काढण्याचे ठरले आहे. त्याबाबत काय लिहावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटची गोष्ट आधी घेतो, कारण तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. पाणी आटलेल्या विहिरीच्या तळाशी पालापाचोळा आणि गाळ कुजत असतो. या कुजण्यात प्राणवायू खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, जो हवेपेक्षा जड असल्यामुळे वर न येता तळाशीच साचून राहतो. रुंद, उघड्या विहिरीत हा धोका कमी असतो. अरुंद, खोल आणि बरेच दिवस झाकून ठेवलेल्या विहिरीत तो फार मोठा असतो. बाहेरच्या हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते १९.५ टक्क्यांच्या खाली गेले की जागा धोक्याची समजतात, आणि १० टक्क्यांच्याही खाली गेल्यावर माणसाला ओरडून कोणाला बोलावण्याइतकीही सवड मिळत नाही.

दिवा किंवा मेणबत्ती आत सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही. दिवा विझला तर आत जाऊ नये हे खरेच, पण तो जळत राहिला म्हणून हवा चांगली आहे असे मुळीच समजू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू दिव्याने कळत नाही आणि तळाशी मिथेन असेल तर ज्योतीमुळेच भडका उडू शकतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते आणि वास गेला म्हणजे वायू गेला, असा घातक समज होतो. म्हणून अग्निशमन दलाकडे किंवा विहिरीची कामे नेहमी करणाऱ्यांकडे असलेल्या वायुमापक यंत्राने हवा तपासल्याशिवाय कोणीही उतरू नये. काम चालू असेपर्यंत पंख्याने आत ताजी हवा सोडत राहावे. डिझेल किंवा पेट्रोलवर चालणारा पंप विहिरीत उतरवू नये आणि काठालगतही चालू ठेवू नये, कारण त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

सूचनापत्रात सर्वांत ठळक अक्षरांत हे वाक्य असू द्या : आत कोणी कोसळला, तर त्याच्यामागे उतरू नका. अशा बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात, असे अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये नमूद केले होते. म्हणून उतरणाऱ्याच्या अंगाला आधीपासून पट्टा आणि दोर बांधलेला असावा, आणि स्वतः खाली न उतरता त्याला ओढून काढू शकतील अशी माणसे पूर्णवेळ काठावर असावीत.

आता मजकुराविषयी. लोक सूचनापत्र वाचत नाहीत याचा दोष मी लोकांना देणार नाही. ‘काळजी घ्या’ या शब्दांतून काय करायचे ते कळत नाही. प्रत्येक सूचनेत वेळ, माप आणि जबाबदार व्यक्ती या तीन गोष्टी लिहा. ज्या सूचनेत त्या लिहिता येत नाहीत, ती गाळून टाका.

प्रश्न : विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकावी? कधी पाण्याला उग्र वास येतो, तर कधी पावडर टाकूनही लोकांना जुलाब होतात.

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे : पाण्याची पातळी बदलते, पण पावडरीचे माप तेच राहते. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि नंतर ७८५ ने गुणा, म्हणजे गोल विहिरीतील पाणी लिटरमध्ये मिळेल. व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर असेल, तर सुमारे १४,००० लिटर पाणी होते. चांगल्या, म्हणजे सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचे प्रमाण साधारणपणे दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम धरतात, म्हणून या विहिरीला ३५ ग्रॅम पावडर लागेल. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडावे आणि बादली खालीवर करून मिसळावे. किमान अर्ध्या तासाने तपासणी करून दर लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असल्याची खात्री करावी. शिल्लक नसेल तर पाणी शुद्ध झालेले नाही. गाळ काढल्यानंतर पाणी गढूळ असते आणि त्यात क्लोरीन लवकर खर्च होतो, म्हणून आधी पाणी निवळू द्यावे. उघड्या पिशवीतील जुन्या पावडरीवर विसंबू नये, तिची शक्ती आपोआप कमी होत जाते.

प्रश्न : दुपारी शेतातून आलेले वडील असंबद्ध बोलू लागले. आम्ही त्यांना तापाची गोळी दिली आणि झोपवले. आमचे काही चुकले का?

उत्तर : तुम्ही ते काळजीपोटी केले, पण पुन्हा असे करू नका. उन्हातून आलेल्या माणसाचे अंग तापलेले असेल आणि तो बरळू लागला, तर तो उष्माघात समजावा. यात शरीराचे तापमान ४० अंशांपुढे जाते, आणि हा संसर्गाचा ताप नसल्यामुळे तापाच्या गोळीने उतरत नाही. सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतत जोराने वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. याउलट शुद्धीवर असलेल्या, घामाने थकलेल्या माणसाला १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे. शरीराला उन्हाची सवय व्हायला १ ते २ आठवडे लागतात, म्हणून हंगामाच्या पहिल्या दिवसांत कामाचे तास कमी ठेवावेत. हवा ४० अंशांहून गरम असेल, तर कोरड्या अंगावर नुसता पंखा सोडल्याने शरीर उलट अधिक तापते.

प्रश्न : साठवलेले पाणी किती दिवस ठेवावे? आणि कचरा जाळावा का?

उत्तर : डेंग्यू पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात साधारण ७ ते १० दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढतो. त्यामुळे आठवड्यातला एक वार ठरवून प्रत्येक भांडे रिकामे करावे, आतून घासावे आणि मगच भरून घट्ट झाकावे. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. कचरा मात्र या दिवसांत जाळूच नये. वाळलेल्या गवतात ठिणगी किती दूर जाईल, हे वारा ठरवतो. गवताच्या गंजी घरांपासून दूर आणि एकमेकींपासून अंतर ठेवून रचाव्यात, आणि आग लागल्यास पाण्याचा टँकर कोण, कोठून आणणार, हे सूचनापत्रात नावानिशी छापावे.