पॅरिसचा पाच दिवसांचा पास एजंटाकडून घ्यावा का?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं (मी, यजमान, नऊ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई) पॅरिसला जाणार आहोत. शुक्रवारी पोहोचायचं, बुधवारी निघायचं असा बेत आहे. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत. एजंट म्हणतो, ‘पॅरिस व्हिझिट’ हा मेट्रो-बस-रेल्वेचा पाच दिवसांचा पास ३०,००० रुपयांत चौघांना देतो, विमानतळ, व्हर्साय, डिस्नेलँड सगळं त्यात. घ्यावा का? सासूबाईंचे गुडघे दुखतात. – एक वाचक, कोल्हापूर

ताई, घेऊ नका. एजंट तुम्हाला फसवतोय असं नाही, त्याचा हिशेब जुना आहे. जानेवारी २०२५ पर्यंत पॅरिसमध्ये अंतरानुसार भाडं होतं, व्हर्साय-डिस्नेलँडला जायला जास्त पडायचं, तेव्हा हा पास परवडायचा. आता मेट्रो आणि आरईआर या उपनगरी रेल्वेचं तिकीट कुठूनही कुठेही एकाच दराचं, २०२५ मध्ये ते २.५० युरो होतं. डिस्नेलँडलाही तेवढंच. महाग उरलं ते फक्त विमानतळाचं, २०२५ मध्ये १३ युरो. चार ते नऊ वर्षांच्या मुलांना यात अर्धं तिकीट.

आता तुमचे आकडे मांडू. या उत्तरातले सगळे दर २०२५ चे आहेत. सोपं जावं म्हणून एक युरो म्हणजे १०० रुपये धरतो. पाच दिवसांचा हा पास तिथे मोठ्यांना ७६.२५ आणि मुलाला ३८.१० युरोला मिळतो, म्हणजे चौघांचे जवळपास २६,७०० रुपये. एजंटाचे ३०,००० तिथेच जास्त झाले. शिवाय पास शुक्रवारी सुरू केला की मंगळवारी संपला. बुधवारी विमानतळावर जायला पुन्हा तिकिटं काढायची, ते तिकिटांच्या कार्डांसकट साधारण ५,३५० रुपये. आणि पास पॅकेजच्या बिलात आला की त्यावरही टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकून राहतात.

पास न घेता रोज चार फेऱ्या, पहिल्या दिवशी दोन, अशा माणशी १८ फेऱ्या धरा. तिकिटं भरायला प्रत्येकाला नाविगो ईझी हे दोन युरोचं कार्ड वेगळं लागतं, एकाच कार्डावर चौघं आत जाऊ शकत नाहीत. उतरल्यावर विमानतळावरून टॅक्सी आणि परतताना रेल्वे धरूनही हे सगळं २६,७०० रुपयांत बसतं. एजंटाच्या वाटेने गेलात तर ३५,३५०, तेही टॅक्सीशिवाय.

टॅक्सी मी मुद्दाम धरली आहे. शार्ल द गोल विमानतळावरून शहरात यायला टॅक्सीचं भाडं ठरलेलं असतं: सेन नदीच्या उजव्या काठाला ५६ युरो, डाव्या काठाला ६५. चार माणसांपर्यंत तेच. तुम्हा चौघांची रेल्वेची तिकिटं ४५.५० युरोची होतात. उजव्या काठावर हॉटेल घेतलंत तर फरक जेमतेम हजार रुपयांचा. रात्रभराच्या प्रवासानंतर सासूबाईंना बॅगांसकट जिने चढायला लावून हे हजार रुपये वाचवू नका, ही माझी कळकळीची विनंती. पॅरिसची मेट्रो १९०० सालची. लिफ्ट सगळीकडे असलेली लाइन एकच, १४ नंबरची. मी आईला घेऊन गेलो होतो. शातले स्टेशनात लाइन बदलताना ती बोगद्यात दोनदा थांबली, भिंतीला हात टेकून. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसने फिरलो. ६९ नंबरची बस आयफेल टॉवरजवळून निघून लूव्हर संग्रहालयावरून बास्तीय चौकापर्यंत आणि पुढेही जाते, खिडकीतून शहरही दिसतं. बसचं तिकीट २०२५ मध्ये दोन युरो होतं. मात्र त्याच तिकिटावर पुढे मेट्रो चालत नाही, हे लक्षात ठेवा.

याहूनही चांगला मार्ग आहे, आणि तिकिटं काढलेली नाहीत म्हणूनच तो तुम्हाला मोकळा आहे. नाविगोचा आठवड्याचा पास २०२५ मध्ये ३१.६० युरो होता, कार्डाचे पाच युरो वेगळे. यात विमानतळसुद्धा आला. अट एवढीच की तो सोमवार ते रविवारच चालतो, मधल्या दिवसापासून सात दिवस मिळत नाहीत. शुक्रवारी उतरलात तर त्या आठवड्याचा पास मिळणारच नाही, त्याची विक्री गुरुवारी थांबते. म्हणून मंगळवारी पोहोचा, रविवारी निघा. चौघांचे १४,६४० रुपये, टॅक्सीसह २०,२४०. आणखी एक फायदा: लूव्हर मंगळवारी बंद असतं, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. शुक्रवार-बुधवारच्या बेतात दोन्ही सुट्ट्या तुमच्या फिरण्याच्या दिवसांत येत होत्या.

पण आधी विमानाचं भाडं बघा. मंगळवार-रविवारचं तिकीट माणशी १,६०० रुपयांपेक्षा जास्त महाग असेल, तर प्रवासावर वाचलेले पैसे तिथेच गेले. मग शुक्रवारचाच बेत ठेवा आणि सुटी तिकिटं घ्या.

मुलाला आठवड्याच्या पासात सवलत नाही. सुट्या तिकिटांपेक्षा त्याला तो थोडा महाग पडतो, पण फरक पाच-सहाशे रुपयांचाच, म्हणून सोयीसाठी त्यालाही पासच घ्या.

पैसे देताना साधं क्रेडिट कार्ड वापरू नका. बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहाराला ३.५ टक्क्यांपर्यंत शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो. फॉरेक्स कार्डात युरो भरून न्या. आणि आठवड्याच्या पासाच्या कार्डावर फोटो चिकटवावा लागतो, २५ बाय ३० मिलिमीटरचा, आपल्या पासपोर्ट फोटोपेक्षा लहान. चौघांचे फोटो कोल्हापुरातच कापून घ्या.