रात्री काही न खाता सकाळी वडिलांची शुगर वाढलेली दिसते, ती येते कुठून?

आधी एवढंच सांगते, वडिलांवर संशय घेऊ नका. रात्री आठला भाकरी-भाजी, झोपताना शुगर 130, मध्ये काही नाही आणि सकाळी उपाशीपोटी 160. म्हणून घरातले सगळे त्यांनाच विचारतात की चोरून काय खाल्लंत, असं तुम्ही लिहिलंय. ही साखर बहुधा त्यांच्या यकृतातूनच आलेली आहे. मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. घरच्या कुणासाठी हा प्रश्न विचारणारं वर्गात कुणी ना कुणी असतंच.

जरा हिशोब करून बघा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त. 100 मिलिलिटरमागे 100 मिलिग्रॅम साखर धरली तर सगळ्या रक्तात मिळून होते 5 ग्रॅम, चहाचा जेमतेम एक चमचा. एकटा मेंदूच जवळपास तेवढी तासाभरात वापरतो, झोपेतसुद्धा. तेव्हा रात्रभर कुणीतरी साखर पुरवत राहायलाच हवी. ते काम यकृत करतं, ग्लायकोजेन म्हणजे साठवून ठेवलेली साखर फोडून आणि प्रथिनांमधल्या अमिनो आम्लांपासून नवी साखर बनवून.

ती किती सोडायची यावर लगाम असतो स्वादुपिंडाचा. जठराच्या मागे आडव्या असलेल्या या अवयवाचा बहुतेक भाग पाचकरस बनवण्यात गुंतलेला. हार्मोन्स तयार करणारी पेशींची बेटं वजनाने एक-दोन टक्केच. 1869 मध्ये पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने त्यांचं वर्णन केलं. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, अल्फा पेशी ग्लुकागॉन. जेवल्यावर इन्सुलिन वाढतं, स्नायू साखर आत घेतात, यकृत साठा करतं. पोट रिकामं झालं की ग्लुकागॉन यकृताला तो साठा सोडायला लावतं. स्वादुपिंडातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं आणि मगच बाकी शरीरात, ही रचना मला फार सुंदर वाटते.

आपल्याकडे मधुमेह म्हटलं की बोलणं इन्सुलिनवरच थांबतं. पण शेजारच्या अल्फा पेशींना आवरणं हेही इन्सुलिनचंच काम. टाइप 2 मधुमेहात तो धाक कमी होतो, ग्लुकागॉन नको तेव्हाही जास्त राहतं आणि यकृतही इन्सुलिनला नीट जुमानत नाही. त्यात पहाटे कॉर्टिसॉल हे साखर वाढवणारं हार्मोन वाढतं. निरोगी स्वादुपिंड थोडं जादा इन्सुलिन सोडून सांभाळून घेतं, वडिलांच्या स्वादुपिंडाला तेवढं झेपत नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध मुख्यतः यकृतातून येणारी हीच साखर कमी करतं.

त्यांचं रात्रीचं जेवण मात्र बंद करू नका. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी झोपल्याने मध्यरात्री साखर धोकादायक खाली जाऊ शकते. दोन-तीन दिवस झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर शुगर तपासून आकडे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पहाटे तीनचा आकडा खाली आला असेल तर औषध वाढवणं उलट महागात पडेल, म्हणून तेवढी झोपमोड कराच.