"साइटवर नुसतं ओझंच वाहायला लावतात, मग आयटीआय कशाला केलं?"

हा प्रश्न माझ्याकडे आयटीआयमध्ये दरवर्षी येतो आणि मुलापेक्षा आईवडिलांकडूनच जास्त. प्लंबर ट्रेड एक वर्षाचा, त्यात १५० तासांची ओजेटी म्हणजे साइटवरचं ट्रेनिंग, आणि पहिल्याच आठवड्यात फोन सुरू होतात की मॅडम, पोराला हेल्परसारखं राबवतात.

यंदा एक मुलगा, अक्षय म्हणू (नाव बदललंय), आईबरोबर आला. वर्कशॉपमध्ये हात चांगला त्याचा. म्हणे मिस्त्री पाइप वर न्यायला लावतो, भिंत फोडली की राडारोडा मी भरायचा आणि काही विचारलं की अंगावर खेकसतो. आई म्हणाली, "बिगारीच करायची तर गावात काय कमी होती मॅडम?"

मी त्याला एवढंच विचारलं, मिस्त्रीला पैसे कसे मिळतात रे? माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारून आला, पॉइंटवर ठेका, जितके नळाचे पॉइंट काढले तितकेच पैसे. म्हणजे याला शिकवण्यात जाणारा वेळ मिस्त्रीच्या खिशातून जातो. खेकसणं बरोबर असं मी अजिबात म्हणत नाही, पण पोराचा अर्धा राग तिथंच उतरला.

मग सांगितलं, ओझं वाहताना बघायचं, रोज एकच गोष्ट डायरीत लिहायची आणि प्रश्न चहाच्या वेळी विचारायचा, हातात काम असताना नाही. वॉल मिक्सर म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा भिंतीवरचा नळ, त्याच्या दोन पॉइंटमध्ये सहा इंच हे त्याला पुस्तकातून पाठ होतं, पण मिस्त्री एल्बो (नळ जोडायचा पाइपचा वाकडा तुकडा) बसवायच्या आधी टाइलवाल्याला गाठून प्लास्टर किती, टाइल किती जाड हे विचारून घेतो, म्हणजे एल्बोचं तोंड टाइलच्या बरोबरीला येतं आणि मग लेव्हल लावतो, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं, वर्कशॉपच्या भिंतीला कुठे टाइल असते!

अर्थात सगळं पोरानंच सोसायचं असंही नाही. त्याच्या इन्स्ट्रक्टरना साइटवर पाठवलं, सुपरवायझरकडून कुठल्या दिवशी हातात काम देणार ते लिहून घेतलं. हेल्मेट नाही किंवा बेल्टशिवाय परांचीवर चढ म्हणाले तर त्याच दिवशी फोन करायचा, तिथं समजूत वगैरे काही नाही.

पुढं त्यानं घेतलेल्या पहिल्याच पॉइंटची लेव्हल चुकली, मिस्त्रीनं शिव्या घालत फोडून परत करायला लावला आणि हा गडी मला फोन करून खुशीत सांगतोय.

आता आईचं म्हणणं, पुढं अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत स्टायपेंडवर काम शिकणं, करू द्यावी का? स्टायपेंड बिगाऱ्याच्या रोजापेक्षा कमी पडतो, ते खरंच आहे. ज्या घरात त्याच्याच पैशावर चूल पेटते तिथं मी सरळ काम धर म्हणते. यांच्याकडे मोठी बहीण कमावती आहे, म्हणून म्हटलं करू द्या, कंपनीत किंवा सरकारी भरतीत ते सर्टिफिकेट विचारतात. फक्त फॉर्म भरायच्या आधी आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळतंय का बघा, निम्मी पोरं तिथंच अडकतात.