वाचक विचारतात : गावातली पोरं, केबलचोरी आणि ग्रामपंचायतीचा आराखडा

प्रश्न : आमच्या गावात (आर्वी तालुका) 15-16 वर्षांच्या दोन पोरांना वावरातल्या मोटारीची केबल चोरताना पकडलं. तंटामुक्त समिती म्हणते, ग्रामसभेत माफी मागायला लावू, दंड घेऊ, विषय मिटवू. हे बरोबर होईल का?
— ग्रामपंचायत सदस्य

उत्तर : ग्रामसभेत उभं करू नका. चारशे लोकांसमोर एकदा ‘चोर’ ठरलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी कुणी कामाला बोलावत नाही. मग त्याला जवळ करतात ती केबल विकत घेणारीच माणसं. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचं नाव किंवा फोटो टाकणं तर गुन्हाच आहे. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार त्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. पोलीस पाटलांनी थेट त्याच्याशी बोलावं. जाताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला सोबत न्या. तो नसेल तर ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतला जन्मदाखला चालतो. वयाचा कागद हाती नसला की पोरगा ‘दिसतो 19 चा’ म्हणून मोठ्यांत धरला जातो, आणि पुढचं सगळं तिथंच बिघडतं. अठराखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. त्याला 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. साध्या चोरीला जास्तीत जास्त 3 वर्षांची शिक्षा असल्यानं हा किरकोळ गुन्हा ठरतो. त्यात एफआयआर न करता ठाणे डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे जातो. मात्र चोरीत सोबत मोठा माणूस सामील असेल तर एफआयआर होतो. वकील तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो.

आणि केबल गेली कुठं, हे नक्की विचारा. धुऱ्यावर वरचं प्लास्टिक जाळून आतलं तांबं काढलं जातं, ते कुणीतरी मोठा माणूस किलोनं घेतो. पोरांना त्यानंच कामाला लावलं असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 95 खाली त्याला किमान 3 आणि कमाल 10 वर्षं शिक्षा आहे. समितीचा जोर त्याच्यावर हवा.

प्रश्न : असे प्रकार होऊच नयेत म्हणून विकास आराखड्यात काय घालावं? निधी कुठून आणावा?
— सरपंच, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ‘बिघडलेल्या पोरांची यादी’ करू नका; ती यादी चावडीवर फुटतेच. यादी करायची ती शाळा सुटलेल्यांची. जिल्हा परिषद शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरमधून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेली नावं काढा आणि पुढच्या गावच्या हायस्कूलच्या हजेरीशी ताडून बघा. सातवी-आठवीनंतरच गळती लागते. शिक्षणहक्क 14 व्या वर्षी संपतो, हायस्कूल लांब असतं. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, मुलांना एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. दिवाळीपासून कापसाची वेचणी सुरू झाली की पोरगा महिना-दीड महिना वर्गात दिसत नाही, आणि जानेवारीत परत जायची त्याला लाज वाटते. म्हणून ही ताडणी जूनमध्ये एकदा करा, आणि वेचणी ओसरल्या ओसरल्या पुन्हा. सुटलेल्यांच्या घरी शिक्षक आणि आशाताईंनी मिळून जावं. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्यासाठी 17 नंबरचा फॉर्म, बाकीच्यांसाठी आयटीआय, हे दोन रस्ते त्याच भेटीत सांगावेत.

पैशांसाठी ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा 10 टक्के वाटा आहे. स्वउत्पन्न 3 लाख असेल तर 30 हजार. यातून गरजूंचे एसटी पास भरा, मैदानावर दिवा लावा, संध्याकाळी 6 ते 9 अभ्यासिका उघडी ठेवणाऱ्या तरुणाला मानधन द्या. नेमकं इथंच बिनसतं. सगळा पैसा ओपन जिमच्या लोखंडात जातो, अभ्यासिकेची किल्ली कुणाच्या तरी घरी पडून राहते. सांभाळायला माणूस ठरत नाही तोवर सामान घेऊ नका.

आराखड्याचं काम 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं. त्याआधी गाव बाल संरक्षण समितीची बैठक घेऊन ठराव करा, तिथं दोन मुलांनाही बोलवा. दिवा कुठं हवा हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

प्रश्न : शाळेजवळच्या पानठेल्यावर सहावीतली मुलं खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घेतात. तक्रार कुठं करायची?
— एक पालक, वर्धा जिल्हा

उत्तर : शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, आणि अठराखालच्यांना कुठंच विकता येत नाही. पण तंबाखू कायद्यातला दंड 200 रुपयांपर्यंतच, ठेलेवाला तो हसत भरतो. म्हणून तक्रारीत बाल न्याय अधिनियमाचं कलम 77 लिहा: मुलाला तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. तुमच्या जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे आणि बाटल्या पोचवायला पोरांना वापरलं जातं, त्याला कलम 78 लागतं, शिक्षा तेवढीच. मुख्याध्यापकांच्या सहीनं अर्ज ठाण्यात द्या, पोच घ्या. नाव पुढं करायची भीती वाटत असेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.