क्रीपरची भूक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

‘जीपर्स क्रीपर्स’ या अमेरिकन भयपटमालिकेतील क्रीपर या प्राचीन नरभक्षकाविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. मालिकेतील चार चित्रपट अनुक्रमे २००१, २००३, २०१७ आणि २०२२ या वर्षी प्रदर्शित झाले. उत्तरांमध्ये पहिल्या दोन चित्रपटांचा शेवटही सांगितला आहे, याची ते न पाहिलेल्या वाचकांनी नोंद घ्यावी.

प्रश्न : क्रीपर नेमका कोण आहे? तो भूत आहे, सैतान आहे, की एखाद्या लुप्त जातीचा प्राणी?

चित्रपट या प्रश्नाचे थेट उत्तर देत नाहीत. पहिल्या चित्रपटात जेझेल नावाच्या एका स्त्रीला पुढे घडणाऱ्या गोष्टींची स्वप्ने पडतात आणि क्रीपरविषयीची जवळजवळ सगळी माहिती आपल्याला तिच्याच तोंडून मिळते; पण तो राक्षस आहे, सैतान आहे की काळाच्या कुठल्यातरी अंधाऱ्या कोपऱ्यातून आलेला एखादा भुकेला जीव आहे, हे तिलाही ठाऊक नसते. त्याच्या भुकेचे नियम तेवढे तिला माहीत आहेत : दर तेविसाव्या वसंतात तो जागा होतो आणि तेवीस दिवस खातो. भयपटाच्या दृष्टीने हे अज्ञान फार मोलाचे आहे, असे मला वाटते, कारण नियम कळूनही कारण कळत नाही, तेव्हा प्रेक्षक त्या नियमांकडे अधिक बारकाईने पाहू लागतो.

त्याच्या वागण्यावरून मात्र मी त्याला भुतापेक्षा शिकारी प्राण्याच्या अधिक जवळचा मानतो. भुताला सूड हवा असतो, सैतानाला आत्मा हवा असतो. क्रीपरला शरीर हवे असते, आणि तेही शरीराचा नेमका एखादा भाग. तो हुंगतो, चाखतो, निवडतो, साठवतो आणि ऋतू संपला की झोपी जातो. एरवी टोपी आणि लांब कोटाखाली झाकलेले त्याचे पंख उघडतात आणि डोक्याभोवतीची पाती पसरतात, तेव्हा त्याचा माणसासारखा आकार हा केवळ शिकारीच्या जवळ जाण्याचा पोशाख होता, हे लक्षात येते.

प्रश्न : क्रीपर माणसाच्या भीतीवर जगतो, असे अनेक ठिकाणी वाचले. ते खरे असेल, तर न घाबरणारा माणूस त्याच्यापासून सुरक्षित राहायला हवा. तसे दिसत नाही. हे कसे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. भीती हे क्रीपरचे अन्न नाही. अन्न आहे ते मांस. भीती ही त्याची पारख करण्याची रीत आहे. घाबरलेल्या माणसाच्या अंगाला येणाऱ्या वासातून त्याला कळते, की या शरीरात आपल्याला हवे असलेले काही आहे किंवा नाही. म्हणूनच तो आधी घाबरवतो, मग हुंगतो आणि त्यानंतरच निवड करतो. पहिल्या चित्रपटात ट्रिश आणि डॅरी या बहीणभावाच्या गाडीमागे लागून, कर्कश भोंगा वाजवत, त्यांना जवळजवळ रस्त्याबाहेर ढकलणारा तो जुना गंजका ट्रक आठवावा. क्रीपरला त्यांना तिथेच मारायचे असते, तर त्याला काहीच कठीण नव्हते. तो पाठलाग म्हणजे चाचणी होती, असे चित्रपट पुन्हा पाहताना जाणवते. त्यानंतर रस्त्याकाठच्या उपाहारगृहाबाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीतील डॅरीचे मळके कपडे कुणीतरी आवडीने हुंगत होता, असे त्यांना सांगितले जाते. त्या क्षणापर्यंत ‘तो आपल्यामागे का लागला आहे’ हा प्रश्न होता. त्या कपड्यांच्या उल्लेखानंतर ‘त्याला आपल्यातले काय हवे आहे’ असा तो प्रश्न बदलतो, आणि चित्रपटातली भीती एकदम शरीरात शिरते.

त्याने खाल्लेला अवयव त्याचाच होतो, हा या गुणाचा दुसरा भाग. श्वास घेता यावा म्हणून तो फुप्फुसे खातो, दिसावे म्हणून डोळे खातो. जखमी अवस्थेत तो पोलीस ठाण्यात शिरतो, तेव्हा कोठडीतील कैद्यांचे मांस हेच त्याचे औषध असते. दुसऱ्या चित्रपटात डोक्यातून भाला आरपार गेल्यावर तो स्वतःचे निकामी डोके उपटून टाकतो आणि एका मुलाचे डोके आपल्या धडावर बसवतो. या प्रसंगाची चर्चा त्याच्या किळसवाणेपणामुळे होते. मला मात्र त्यातला तर्क अधिक हादरवतो. क्रीपरच्या शरीरातले आता मुळातले असे काही उरले तरी आहे का, असा प्रश्न तिथे पडतो. शतकानुशतके इतरांच्या अवयवांवर जगणारा हा जीव पूर्णपणे त्याच्या बळींचाच बनलेला असू शकतो. त्याच्या प्राचीनपणाचा याहून प्रभावी पुरावा मालिकेत दुसरा नाही, आणि तो कुठल्याही ताम्रपटाविना, केवळ एका कृतीतून मिळतो.

आता धैर्याचा मुद्दा. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी क्रीपर दोघा बहीणभावांना समोर धरून हुंगतो, ट्रिशला बाजूला फेकतो आणि डॅरीला निवडतो. भावाऐवजी मला ने, असे ट्रिश त्याला विनवते. ही त्या चित्रपटातील सर्वांत धाडसी कृती आहे आणि ती पूर्णपणे निष्फळ ठरते, कारण क्रीपरला धाडस नको आहे आणि त्यागही नको आहे. त्याला डॅरीचे डोळे हवे आहेत. निवड गुणांवर होत नाही, पापावर होत नाही आणि दयेवर तर नाहीच. अनेक भयपटांत वाईट वागणारे आधी मरतात आणि सज्जन शेवटपर्यंत टिकतात, या संकेताला या एका लक्षणाने छेद दिला आहे. न घाबरणाऱ्यालाही अभय नाही, कारण त्याच्या वाटेत येणाऱ्याला तो न हुंगताही मारतो.

प्रश्न : दर तेविसाव्या वसंतात तेवीस दिवस, असाच हिशेब का?

कारण कुठेही दिलेले नाही, आणि ते न देणे योग्यच होते. आकड्याचा परिणाम मात्र सांगता येतो. पहिल्या चित्रपटाची कथा २००१ मधली धरली, तर मागचा ऋतू १९७८ चा येतो. ट्रिश आणि डॅरी ज्या बेपत्ता प्रेमी युगुलाची दंतकथा एकमेकांना सांगतात, ते युगुल १९७८ मधलेच आहे. त्याआधीचे ऋतू १९५५ आणि १९३२ हे. तेवीस वर्षांत एक पिढी मोठी होते, साक्षीदार म्हातारे होतात, तपास करणारे पोलीस निवृत्त होतात आणि प्रत्यक्ष घडलेली घटना गाडीत वेळ घालवण्यासाठी सांगायची गोष्ट होऊन जाते. क्रीपरला लपण्यासाठी गुहेपेक्षा माणसांचे हे विस्मरण अधिक उपयोगी पडते.

निसर्गात याला एक लक्षवेधी साम्य आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात सिकाडा नावाच्या कीटकाच्या काही जाती तेरा किंवा सतरा वर्षे जमिनीखाली काढतात आणि मग वसंतात काही आठवड्यांसाठी प्रचंड संख्येने बाहेर येतात. तेरा आणि सतरा या मूळ संख्या असल्यामुळे भक्षकांना आपले जीवनचक्र या कीटकांच्या चक्राशी जुळवणे अवघड जाते, अशी एक उपपत्ती शास्त्रज्ञांनी मांडली आहे. तेवीस हीसुद्धा मूळ संख्याच आहे. लेखकाच्या मनात हे होते, असा माझा दावा नाही. पण भक्ष्याचे संरक्षण करणारी युक्ती येथे भक्षकाच्या हाती गेली आहे, असा विचार केला की क्रीपरचे वेळापत्रक अधिकच भयंकर वाटू लागते.

प्रश्न : पेनीवाइज हा विदूषकही सत्तावीस वर्षांनी जागा होतो. दोघे एकाच साच्यातले नाहीत का?

दीर्घ निद्रा आणि भीती, ही दोन साम्ये खरी आहेत. स्टीफन किंग यांची ‘इट’ ही कादंबरी १९८६ ची, म्हणजे क्रीपरच्या पंधरा वर्षे आधीची आहे, त्यामुळे क्रीपरमध्ये तिची छाया शोधणाऱ्यांना दोष देता येणार नाही. परंतु भीतीचे काम दोन्हीकडे अगदी उलट आहे. पेनीवाइज प्रत्येक मुलाच्या मनातली भीती ओळखून तिचे रूप घेतो. भीतीने त्याच्या भक्ष्याला चव येते आणि त्याच्यावरचा विश्वास व भय ओसरले, की त्याचे बळही ओसरते. म्हणून तिथे मुलांची मैत्री आणि धैर्य ही खरीखुरी शस्त्रे ठरतात. क्रीपर कुणाच्या मनात डोकावत नाही आणि रूपही बदलत नाही. आपण त्याच्याविषयी काय मानतो, याचे त्याला सोयरसुतक नाही. पेनीवाइजची कथा मनाची आहे, क्रीपरची देहाची.

प्रश्न : ट्रक, कुऱ्हाड, तळघरातली प्रेते... इतकी माणसासारखी सामग्री प्राचीन राक्षसाला कशाला हवी?

मालिकेतील हा भाग मला सर्वांत समृद्ध वाटतो आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. ओसाड चर्चखालच्या तळघरात डॅरी पडतो, तेव्हा त्याला भिंतींवर आणि छतावर एकमेकांना शिवलेली, टिकवून ठेवलेली शेकडो प्रेते दिसतात. हे उष्टे टाकून दिलेले नाही, ते मांडलेले आहे. दुसऱ्या चित्रपटातील त्याची फेकण्याची शस्त्रेही मानवी हाडे, दात आणि कातडी वापरून हौसेने घडवलेली आहेत. भूक भागल्यावर उरलेल्या शरीरातून तो कलाकृती तयार करतो, म्हणजे त्याला आवडनिवड आहे, रिकामा वेळ आहे आणि त्या वेळेचे काय करायचे याची कल्पनाही आहे. शाळेच्या बसच्या काचेबाहेरून एकेका मुलाकडे पाहून हसत, बोट दाखवत तो निवड करतो, तेव्हाही हीच चोखंदळ वृत्ती दिसते. तो बोलत नाही, त्यामुळे हे सारे जोनाथन ब्रेक या अभिनेत्याला मान, बोटे आणि डोळे एवढ्यांतून उभे करावे लागले, आणि पहिल्या दोन चित्रपटांत त्यांनी ते विलक्षण संयमाने केले आहे.

ट्रकविषयी एक गोष्ट सांगायला हवी. १९९० मध्ये मिशिगन राज्यात प्रवास करणाऱ्या एका पतीपत्नीने एका माणसाला बंद पडलेल्या शाळेमागे संशयास्पद वस्तू टाकताना पाहिले होते. पुढे तो पत्नीचा खुनी निघाला. पहिल्या चित्रपटाचा आरंभ या सत्य घटनेशी ठळकपणे मिळताजुळता आहे. पहिल्या अर्ध्या भागात क्रीपर आपल्याला माणूस वाटतो, ट्रक चालवणारा खुनी वाटतो, आणि म्हणूनच पंख उघडतात तो क्षण इतका परिणाम साधतो. तिसऱ्या चित्रपटात मात्र हाच ट्रक आपोआप चालणाऱ्या सापळ्यांनी आणि शस्त्रांनी भरला गेला. यंत्राला इतके सामर्थ्य दिल्यावर ते चालवणाऱ्या जीवाच्या वाट्याला फारसे काही उरले नाही. शिवाय त्याला भरदिवसा इतका वेळ दाखवले आहे, की डोळ्यांना त्याची सवय होते.

प्रश्न : क्रीपरला मारण्याचा काही उपाय आहे का?

दाखवलेला तरी नाही. ट्रिश त्याच्या अंगावरून पुन्हा पुन्हा गाडी नेते, पोलीस गोळ्या झाडतात. त्याने तो थोडा वेळ थांबतो, इतकेच. दुसऱ्या चित्रपटात, आपला धाकटा मुलगा गमावलेला शेतकरी जॅक टॅगर्ट कुंपणाचे खांब ठोकण्याच्या यंत्रापासून भाला फेकणारे हत्यार तयार करतो आणि क्रीपरला जमिनीवर आणून पुन्हा पुन्हा भोसकतो. तेव्हा क्रीपर मरत नाही, तर त्याचा तेविसावा दिवस संपतो आणि तो झोपी जातो. शेवटच्या प्रसंगात तेवीस वर्षे उलटली आहेत, क्रीपर कोठाराच्या भिंतीला ठोकलेला आहे आणि म्हातारा टॅगर्ट हत्यार रोखून समोर बसला आहे. त्याला मारण्याचा मार्ग टॅगर्टलाही सापडलेला नाही, परंतु ज्या विस्मरणावर क्रीपर इतकी शतके विसंबून राहिला, ते या एका बापाने नाकारले आहे. मालिकेतील हा माझा सर्वांत आवडता प्रसंग आहे.

तिसऱ्या चित्रपटात क्रीपरच्या तुटलेल्या हाताला स्पर्श करणाऱ्या व्यक्तींना त्याचे रहस्य दिसते; प्रेक्षकांना मात्र ते दाखवले जात नाही. रहस्य राखण्याचा हेतू समजतो, पण पात्रांना कळले आणि आपल्याला कळले नाही, अशी ही मांडणी गूढ वाटण्याऐवजी अडवणुकीची वाटते. जेझेलच्या प्रामाणिक अज्ञानात जी ताकद होती, ती या झाकलेल्या ज्ञानात नाही.

प्रश्न : चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत?

तिसऱ्याची कथा पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या दिवसांत घडते, तरीही प्रदर्शनाच्या क्रमानेच पाहावेत; तिसरा मध्ये घातला, तर दुसऱ्यातील बसच्या काचेबाहेरचा क्रीपर आधीच परिचयाचा होऊन बसतो. २०२२ चा चौथा चित्रपट जुन्या कथेला न जोडता नव्याने आरंभ करतो आणि त्यात क्रीपरची भूमिका ब्रेक यांनी केलेली नाही, त्यामुळे तो वगळला तरी कथेचा धागा तुटत नाही. ज्यांना एकच पाहायचा आहे, त्यांनी पहिला पाहावा.