विकणाऱ्याचा टॅक्स तुझा नव्हे

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फ्रीमॉन्टचं घर पसंत पडलं हे वाचून बरं वाटलं. पण लिस्टिंगवर, म्हणजे विक्रीच्या जाहिरातीत, घराचा प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला साडेसहा हजार डॉलर दिसतो, तो धरून कर्जाचा हप्ता बसवलास म्हणतेस, तो आकडा आधी खोडून टाक.

कॅलिफोर्नियात जून १९७८ मध्ये लोकांनी मतदान करून प्रपोझिशन १३ आणलं. घरांचे भाव भडकले होते, टॅक्सही त्यांच्यामागे धावत होता, आणि पेन्शनवर जगणाऱ्यांना राहतं घर परवडेनासं झालं होतं. तेव्हापासून मूळ टॅक्स १ टक्का, तोही आजच्या बाजारभावावर नाही, तुम्ही घर घेतलंत त्या किमतीवर. त्या किमतीत वर्षाला फार तर २ टक्के वाढ. घर विकलं गेलं की मात्र नवी किंमत लागू.

समज, विकणाऱ्याने तीस वर्षांपूर्वी ते ३ लाखांना घेतलं. दरवर्षी पुरते २ टक्के चढले तरी काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) दप्तरी आज ५ लाख ४३ हजार. तू मोजणार १८ लाख. बाँड (शाळा वगैरेंसाठी लोकांच्या मताने काढलेल्या कर्जाची फेड) वगैरे धरून तुझं बिल एकवीस-बावीस हजारांवर जाईल. रस्ता तोच, शाळा तीच. मुंबईत एकाच इमारतीत पागडीचं भाडं आणि आजचं भाडं नांदतं, तसलाच प्रकार.

राग येणं साहजिक आहे. स्टेफनी नॉर्डलिंगर यांनी १९८८ मध्ये लॉस एंजेलिसला १ लाख ७० हजारांना घर घेतलं. टॅक्स लागला १,७०१ डॉलर. जवळच्याच तशाच घराच्या जुन्या मालकाला ३५८. त्या थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९९२ मध्ये आठ विरुद्ध एक अशा हरल्या. कोर्टाचं म्हणणं असं की नवा माणूस टॅक्स किती पडणार हे बघून घर घेतो, नको तर घेत नाही. जुन्याला ती सोय नसते. मला हे निम्मंच पटतं. जुने लोक टॅक्सपायी घर सोडत नाहीत, मग तुमच्यासाठी बाजारात घरं येणार कुठून? (मी जुन्यांपैकीच, तेव्हा माझा शहाणपणा बेतानेच घे.)

खरा दणका सप्लिमेंटल बिलाचा. जुन्या आणि नव्या किमतीतल्या फरकावर, टॅक्सचं वर्ष संपेपर्यंत, म्हणजे जूनअखेरपर्यंत, उरलेल्या महिन्यांचा टॅक्स वेगळा येतो. सप्टेंबरात ताबा घेतलास तर नुसत्या १ टक्क्याने नऊ हजार चारशेच्या वर. हे बिल तुझ्या नावाने घरी येतं, आणि एस्क्रो खातं (ज्यातून बँक तुझ्या वतीने टॅक्स भरते) असलं तरी बँक सहसा ते भरत नाही. डाउन पेमेंटमध्ये सगळी पुंजी ओतू नकोस.

नव्या वसाहतीतलं घरही बघणार असशील तर मेलो-रूस, म्हणजे वसाहतीतल्या रस्ते-शाळांसारख्या सोयींसाठीचा खास टॅक्स, आहे का ते विचार. तो आकार किमतीवर नसतो, त्यामुळे १ टक्क्याची मर्यादा त्याला लागत नाही.

राहायला गेलीस की होमओनर्स एक्झेम्प्शनचा (स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळणाऱ्या सवलतीचा) अर्ज १५ फेब्रुवारीच्या आत दे. वाचतात जेमतेम सत्तर डॉलर, पण दरवर्षी. टॅक्सचा पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत, दुसरा १० एप्रिलपर्यंत. चुकला की १० टक्के दंड.

विकणाऱ्याचं टॅक्स बिल एजंटकडून मागव आणि मला पाठव. बाँड किती आणि ठरावीक आकार किती, ते शनिवारी फोनवर बघू.

तुझा,
काका