केसपेपरवरचं डायग्नोसिस कसं वाचायचं?

प्रश्न : धाकट्या दिराला तापाच्या सहाव्या दिवशी दाखल केलं. केसपेपरवर ‘प्रोव्हिजनल डायग्नोसिस : ?डेंग्यू, ?मलेरिया, आर/ओ टायफॉइड’ असं होतं. त्याच दिवशी केलेली एनएस-१ ही डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह आली, तरी डिस्चार्ज कार्डावर ‘फायनल डायग्नोसिस : डेंग्यू’ लिहिलंय. खरं कुठलं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : प्रोव्हिजनल डायग्नोसिस म्हणजे दाखल करताना लक्षणांवरून बांधलेला अंदाज. कोणत्या तपासण्या आधी करायच्या, सलाइन-औषधं काय सुरू करायची, हे त्यावरून ठरतं. पुढे तो बदलला म्हणजे डॉक्टर चुकले असं नव्हे. आजारापुढचं प्रश्नचिन्ह हा संशय. ‘आर/ओ’ म्हणजे ‘रूल आउट’, अर्थात हा आजार नाही ना ते तपासून पाहा. ही अक्षरं वाचून ‘टायफॉइड निघाला’ असं गावभर कळवणारे नातेवाईक बरेच!

आता एनएस-१. हे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन. रक्तात ते मुख्यतः पहिल्या पाचेक दिवसांत सापडतं. सहाव्या दिवशीच्या निगेटिव्ह अहवालाने डेंग्यू नाही असं ठरत नाही. पाचव्या दिवसानंतर आयजीएम, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं तपासतात, तीही शक्यतो एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने. झटपट निकाल देणाऱ्या कार्ड-टेस्टवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून लॅबच्या फॉर्मवर ‘तापाचा दिवस कितवा’ हे जरूर लिहा. प्लेटलेट्स कमी म्हणजे डेंग्यूच, हेही खरं नाही. मलेरियात आणि लेप्टोतही (लेप्टोस्पायरोसिस) त्या उतरतात. मलेरियाची स्मिअर (काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून केलेली तपासणी) एकदा निगेटिव्ह आली तरी संशय असेल तर पुन्हा घेतात. टायफॉइडसाठी एकट्या विडाल या रक्तचाचणीवर जाऊ नका. जुना संसर्ग किंवा लस यांमुळेही ती वाढलेली दिसते. अँटिबायोटिकआधी घेतलेलं ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहणं) त्याहून पक्कं.

तुमच्या फाइलमध्ये आयजीएम पॉझिटिव्हचा कागद असेल आणि लक्षणं जुळत असतील, तर डेंग्यू हे निदान योग्यच. नसेल तर कशावरून ठरवलं ते डॉक्टरांना विचारा.

विम्याचा क्लेम करायचा असेल तर डिस्चार्ज कार्डासोबत आयजीएमचा अहवाल जोडाच. नुसत्या तपासण्यांसाठी दाखल झाल्याचा खर्च बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो, त्यामुळे कार्डावर फक्त ‘ताप, तपासणी चालू’ एवढंच असेल तर क्लेम अडतो. सलाइन, दर दिवसाच्या प्लेटलेट्स, उपचारांच्या नोंदी यांच्या प्रतीही घरी जाण्याआधीच मागून घ्या.